पाणंद रस्त्याला जेसीबी घ्यावा की मस्टरवर माणसं लावावीत? वसमतकडच्या काळ्या रानातला अनुभव

हे परीक्षण दोन सेवांचं आहे. एक म्हणजे तालुक्याहून तासावर भाड्याने येणारा जेसीबी, त्याच्या मागून येणारे टिप्पर आणि रोलर. दुसरी म्हणजे रोजगार हमीच्या मस्टरवर, म्हणजे सरकारी हजेरीपटावर, लागलेली गावातलीच माणसं, टिकास, फावडं, सब्बल आणि टोपली घेऊन. आमच्या गावाने दोन पाणंद रस्ते, म्हणजे वावरांकडे जाणारे रस्ते, केले. नदीकडचा जवळजवळ सगळा यंत्राने झाला. कालव्याकडचा मस्टरवर सुरू झाला आणि शेवटाला त्यालाही यंत्र लागलं. दोन्हींवरून पावसाळे गेले, उसाच्या भरल्या गाड्या गेल्या, म्हणून आता त्यांच्याबद्दल खात्रीने बोलता येतं. त्या काळात मी ग्रामपंचायत सदस्य होते, दोन्ही कामांवर उभी असायचे, आणि नदीकडच्या रस्त्याच्या टोकाला माझं स्वतःचं वावर आहे.

आमचा तालुका वसमत, जिल्हा हिंगोली. पूर्णा प्रकल्पाच्या कालव्याचं पाणी येतं म्हणून ऊस आणि हळद, बाकी सोयाबीन. जमीन खोल काळी. ही माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पिकाला सोन्यासारखी, रस्त्याला वैरीण. ऑक्टोबरात सोयाबीन काढून पडलेलं असतं, वरून परतीचा पाऊस येतो, आणि मळणीयंत्र आखाड्यापर्यंत, म्हणजे वावरातल्या वस्तीपर्यंत, पोचत नाही. डोळ्यासमोर शेंगांना मोड फुटतात. जूनमध्ये खताच्या गोण्या डोक्यावर न्याव्या लागतात. आखाड्यावर कुणी आजारी पडलं तर बाजेवर टाकून डांबरी सडकेपर्यंत आणायचं. ज्यांच्या वावराला रस्ता आहे त्यांना हे वाचून समजणार नाही, पण पाणंदीवर राहणाऱ्याला रस्ता ही घरातल्या माणसाएवढी गरजेची गोष्ट वाटते.

कागदांचं थोडक्यात सांगते. गाव नकाशात तुटक दुहेरी रेषेने दाखवलेला गाडीमार्ग असेल तर त्याची रुंदी १६.५ ते २१ फूट धरतात, तुटक एकेरी रेषेचा पायमार्ग असेल तर ८.२५ फूट. आमच्या नदीकडच्या पाणंदीला नकाशात गाडीमार्गाची रुंदी होती आणि जागेवर एक बैलगाडी कशीबशी जायची. दोन्ही बाजूंचे नांगर दरवर्षी वीतभर आत सरकले होते. कुणी असलेला रस्ता अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे जायचं. नकाशात रस्ताच नाही आणि बांधावरून वाट हवी, तर जमीन महसूल संहिता १९६६ चं कलम १४३. मोजणी करून दोन्ही बाजूंना दगड रोवून घ्या, त्याआधी ना यंत्र बोलवा ना माणसं. आता मुद्द्यावर येते.

आधी जेसीबी. कंपनी कुठलीही असो, पुढे सुपडं आणि मागे खोदायचा हात असलेल्या या पिवळ्या यंत्राला आमच्याकडे जेसीबीच म्हणतात. आम्हाला भाव मिळाला तासाला १२०० रुपये, डिझेल त्यांचं, कमीत कमी तीन तासांचं भाडं, आणि चालकाचा जेवणाचा भत्ता वेगळा. काम काय होतं ते समजावं म्हणून हिशेब मांडते. एक किलोमीटर लांब, साडेचार मीटर रुंद पट्ट्यावरची वरची काळी, मुळांची, भुसभुशीत माती सरासरी पाव मीटर काढून टाकायची म्हटली तर १,१२५ घनमीटर होते, म्हणजे साधारण ४०० ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). जेसीबीने तासाला आठ ब्रास धरले तरी ५० तास. १२०० ने ६०,००० रुपये. काम आठवड्यात मोकळं.

हेच माणसांनी करायचं तर मऊ मातीत एका माणसाचं दिवसाचं खोदकाम एक ब्रासच्या आसपास होतं. ४०० दिवसांची मजुरी. रोजगार हमीचा महाराष्ट्राचा २०२५-२६ चा दर ३१२ रुपये होता, म्हणजे १,२४,८०० रुपये. ४० माणसं लागली तरी दहा दिवस, आणि एप्रिलच्या उन्हात ४० माणसं रोज एकसारखी येत नाहीत.

आकड्यांवर पाहिलं तर यंत्र निम्म्या पैशात काम करतं. आमच्या बैठकीत हेच झालं. एकाने हिशेब मांडला आणि अर्धी बैठक उठून जेसीबीला फोन लावायला निघाली. पण हे दोन पैसे एकाच खिशातले नाहीत. ६०,००० लोकवर्गणीतून काढायचे होते, एकरामागे ठरवून. १,२४,८०० सरकारकडून येणार होते आणि गावातल्याच ४० घरांत जाणार होते. त्या घरांत ज्यांना वावर नाही असे बरेच. त्यांच्या चुलीला उन्हाळ्यात दुसरा आधार कुठला? ऊसतोड संपलेली, हळद शिजवून झालेली, पेरणीला दोन महिने. माझी आई बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडायला होती. सुकडी मिळायची त्यावर आम्ही भावंडं वाढलो. वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यात विसापूरला जो प्रयोग केला होता, तो त्या दुष्काळात राज्यभर पसरला आणि १९७७ ला त्याचा कायदा झाला. देशाचा कायदा यायला २००५ उजाडलं. हे मी इतिहास सांगायला लिहीत नाही. मजुरीचा आकडा बैठकीत 'जास्तीचा खर्च' म्हणून वाचला गेला तेव्हा मला राग आला होता, तो अजून गेलेला नाही.

आणखी एक गोष्ट पुरुष मंडळी विसरतात. वावरातल्या कामाला बाईचा रोज पुरुषापेक्षा कमी असतो, आजही. मस्टरवर दर एकच. आमच्या मस्टरवर बायकाच जास्त होत्या, आणि त्याचं कारण हेच.

तरीही खोदाई आणि माती हलवणं यंत्राला द्यावं, असं माझं मत आहे. खोल काळ्या मातीत टिकासाचा घाव बसतो पण ढेकूळ सुटत नाही. मी पोरवयात आईबरोबर पाझर तलावाच्या कामावर टोपल्या वाहिल्या आहेत, मान आणि कंबर काय होते ते मला माहीत आहे. ते काम कुणी करू नये असं नाही, पण जिथे पर्याय आहे तिथे ओझं वाहायलाच माणूस लावायचा हट्टही धरू नये. मुरूम औंढ्याकडच्या माळावरून आणायचा होता. एक किलोमीटरला पावणेचार मीटर रुंदीवर २० सेंटिमीटरचा सुटा थर म्हणजे ७५० घनमीटर, २६५ ब्रास. तीन ब्रासच्या टिप्परने ८८-८९ खेपा. हे काम टोपल्याने होणार नव्हतं, यावर कुणाचं दुमत नव्हतं.

आता यंत्राच्या सेवेतल्या अडचणी. भाड्याचा जेसीबी घेणाऱ्याने सगळ्यात आधी तासांचा मीटर बघावा. हा मीटर इंजिन चालू असलं की पळतो, सुपडं हललं की नाही याच्याशी त्याला घेणं नाही. आमच्याकडे पहिल्या दिवशी चालक टिप्परची वाट बघत यंत्र घुरघुरत ठेवून फोनवर बोलत बसला. भाड्याला तो वेळ लागलाच. दुसऱ्या दिवसापासून सकाळी मीटरचा फोटो, दुपारी जेवणाला बंद केल्यावर फोटो, संध्याकाळी फोटो, आणि वहीत चालकाची सही. यंत्रमालक कुरकुरला, पण मान्य केलं. टिप्पर आधी रांगेत उभे करायचे आणि मग यंत्र चालू करायचं, एवढ्यानेही बराच पैसा वाचतो.

दुसरं, जमिनीखालचं. आमच्या शिवारात पाणंदीला आडव्या जाणाऱ्या पाईपलाईन जागोजागी आहेत, विहिरीवरून, कालव्यावरून. यंत्र येण्याच्या आदल्या दिवशी ज्याने त्याने आपली पाईपलाईन चुन्याच्या फक्कीने आखून द्यायची असं ठरलं होतं. एका भावकीच्या वादात एक पाईप आखायचा राहिला आणि बादलीने तो उचलून फेकला. हळदीला पाणी चालू होतं. नुकसान कुणी भरायचं यावर काम दोन दिवस बंद पडलं. यंत्रमालकाचं म्हणणं, आखलं नव्हतं तर जबाबदारी आमची नाही. बोलणी करतानाच हे लिहून घ्या: आखलेली लाईन तुटली तर खर्च कुणाचा, न आखलेली तुटली तर कुणाचा. माणसाच्या फावड्याला पाईप लागला की आवाज येतो आणि हात थांबतो. बादलीला तो लागल्याचं चालकाला कळतसुद्धा नाही.

तिसरं, आणि हे मनावर घ्या. वावरातल्या विजेच्या तारा लोंबलेल्या असतात. टिप्पर मुरूम ओतताना हौदा वर उचलतो, आणि पुढे सरकत सरकत ओततो. वरच्या तारेकडे बघायला एक माणूस कायम उभा ठेवा, त्याला दुसरं काम देऊ नका. यंत्र मागे सरकताना चालकाला मागचं दिसत नाही. पोरं जेसीबी बघायला गर्दी करतात. आम्ही दोरी बांधून पोरांना लांब ठेवलं होतं आणि त्यासाठी एका मावशींना पूर्ण रोजगार दिला. त्यावर कुणीतरी "फुकटचा रोज" म्हणालं. तो फुकटचा नव्हता.

झाडांचंही सांगायला हवं. मोजणीच्या रेषेत एक कडूलिंब येत होता. जेसीबीवाला म्हणाला, "काकू, पाच मिनिटांत काढून देतो." मी नाही म्हटलं. रस्ता तिथे दोन फूट सरकवला, समोरच्या शेतकऱ्याने मोठ्या मनाने तेवढी जागा सोडली. मस्टरच्या कामावर हा प्रश्नच आला नव्हता, कारण माणसं झाड आडवं आलं की वळसा घालून खोदतात. यंत्राच्या वेगात विचार करायला वेळ मिळत नाही, म्हणून त्याच्यापुढे विचार करणारा माणूस उभा लागतो.

आता मस्टरची माणसं. यांचं काम कुठे यंत्राच्या वर गेलं ते सविस्तर सांगते, कारण हे कुणी सांगत नाही.

पहिलं नाली. काळ्या रानात रस्ता मुरमाने टिकत नाही, पाणी बाहेर गेल्याने टिकतो. जेसीबीची मागची बादली नाली काढते ती उभ्या भिंतींची, बादलीच्या रुंदीची. पहिल्या दोन पावसांत त्या भिंती ढासळतात आणि नाली भरते. शिवाय चालक निघालेली माती टाकायला सोपं पडतं म्हणून रस्त्याच्या कडेलाच टाकतो. मग रस्त्यावरचं पाणी नालीत उतरूच शकत नाही, ते मधोमध साचतं. नदीकडच्या रस्त्याचं पहिल्या पावसाळ्यात हेच झालं. मुरूम चांगला होता, रोलर फिरला होता, तरी ओढ्याजवळच्या सखल भागात चाकोऱ्या पडल्या. कालव्याकडच्या रस्त्याला नाली माणसांनी काढली. वर रुंद, खाली अरुंद, बाजू उतरत्या, माती वावराच्या बाजूच्या बांधावर. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी धरून उतार मोजला. ती नाली आजही चालते.

त्यात एक गोष्ट यंत्राला जमणारच नव्हती. नालीचं पाणी शेवटी कुणाच्या तरी रानातून ओढ्याला जाणार. "मपल्या वावरात पाणी सोडू नका," हे वाक्य मी त्या महिन्यात किती जणांच्या तोंडून ऐकलं. मस्टरवर ज्यांची वावरं तिथे लागून होती त्यांच्याच घरातली माणसं होती. फावडं हातात असताना तिथल्या तिथे बोलणं झालं, कुठे पाईप टाकायचा, कुठे दगडी पिचिंग करायचं, ते उभ्या उभ्या ठरलं. नदीकडे यंत्र दोन दिवसांत नाली काढून निघून गेलं आणि भांडणं मागे राहिली. पुढच्या उन्हाळ्यात ती नाली आम्हाला परत माणसं लावून नीट करून घ्यावी लागली, म्हणजे यंत्राच्या त्या तासांचे पैसे पाण्यात गेले.

दुसरं सोलिंग. कालव्याजवळ जिथे जमीन बारमाही ओली असते तिथे नुसता मुरूम टाकून उपयोग नाही, तो चिखलात बुडतो. तिथे खाली दगडाचा थर लागतो. टिप्परने दगड ओतला आणि सुपड्याने पसरला तर तो कसाही पडतो, पोकळ्या राहतात, खालचा चिखल वर येतो. आमच्या मस्टरवर दोन म्हातारे होते, त्यांनी जुन्या रस्त्यांवर सोलिंग लावलं होतं. दगडाची रुंद बाजू खाली, टोक वर, एकाला एक चिकटवून, आणि मधल्या फटींत बारीक चिपा सब्बलीने ठोकून. त्यांनी बायकांना शिकवलं. त्या पट्ट्यावर आता उसाने भरलेली ट्रॉली उभी राहिली तरी चाक खाली जात नाही. हे कसब गावातून चाललं आहे. या दोघांनंतर आमच्याकडे हे कुणाला येणार, याची मला खरोखर काळजी वाटते, आणि ज्या बायका शिकल्या त्यांना परत तसं काम मिळालेलं नाही.

तिसरं मुरूम पसरणं. टिप्पर ढीग टाकतो, जेसीबी ढकलतो. मुरमातले मोठे धोंडे त्यात वर येतात आणि रोलरखाली ते दबत नाहीत, हलतात. माणसं हाताने धोंडे वेचून खाली किंवा कडेला घालतात, बारीक वर ठेवतात, आणि दोरी लावून मध्ये उंच, कडांना उतरता आकार देतात. ही वेचणी यंत्राला जमत नाही.

चौथं मोरी, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायचा पाईप. इथे मात्र दोघंही लागतात. ६०० मिलिमीटरचा सिमेंट पाईप साखळीने उचलून खड्ड्यात उतरवायला जेसीबी हवाच, तो हाताने उतरवताना पाय चिरडल्याच्या गोष्टी आमच्या भागात सगळ्यांनी ऐकल्या आहेत. पण खाली मुरमाची बैठक, पाईपला उतार, सांधे आणि दोन्ही बाजूंनी थर देत धुमसाने ठोकणं हे माणसाचं काम. जेसीबीवाल्याने बादलीने माती लोटून वरून दाबली की वरून सगळं ठीक दिसतं, आणि पहिल्या जड गाडीला पाईपच्या कडेची माती बसते. नंतर तिथे आडवा खड्डा पडतो आणि दर वर्षी मुरूम टाकत बसावं लागतं.

रोलरबद्दल वेगळं लिहायलाच हवं, कारण इथे माणूस आणि जेसीबी दोघंही हरतात. दहा टनी कंपनाचा रोलर आम्हाला ७००० रुपये रोजाने मिळाला, डिझेल आमचं. महाग वाटला म्हणून काहींनी सुचवलं की भरलेले टिप्पर आणि ट्रॅक्टरच वरून फिरवू, आपोआप दबेल. ते ऐकू नका. चाकाने चाकोरीपुरतं दबतं आणि मध्ये ढिलं राहतं, मग पाऊस त्या ढिल्या भागातून आत शिरतो. धुमसाने एवढा लांब रस्ता दाबणं शक्य नाही, ते मोरीच्या कडेला ठीक. जुन्या रोजगार हमीच्या रस्त्यांना लोक नावं ठेवतात की एका पावसात वाहून गेले. त्यांत हातांचा दोष नव्हता. माती टाकून सोडली, पाणी मारलं नाही, रोलर फिरवला नाही, हा दोष. मुरमावर आदल्या संध्याकाळी टँकरने पाणी मारा, सकाळी तो ओलसर असताना रोलर फिरवा. मूठ वळून बघा, लाडू वळला पाहिजे आणि हाताला चिखल लागता कामा नये. एकदम जाड थर टाकून दाबू नका, दोन थर करा. आणि काळ्या मातीत वापसा नसताना, म्हणजे जास्तीची ओल उतरलेली नसताना, रोलर काय, जेसीबीसुद्धा उतरवू नका. अवकाळी पाऊस पडला तेव्हा आम्ही यंत्र परत पाठवलं, येण्याजाण्याचं भाडं बुडालं, तरी ते योग्य झालं.

मस्टरच्या व्यवस्थेबद्दल मात्र माझं मत कडू आहे. मजुरी १५ दिवसांत द्यायची असं कायदा म्हणतो. आमच्या लोकांना त्याच्या कितीतरी पट थांबावं लागलं. ज्याच्या घरात संध्याकाळचं पीठ रोजच्या रोजावर येतं तो दोन महिने उधारीवर काम करू शकत नाही, म्हणून दुसऱ्या आठवड्यात निम्मी माणसं वीटभट्टीकडे गेली. २०२३ पासून हजेरी मोबाईलवर, दिवसातून दोनदा फोटो. आमच्या कालव्याच्या वळणावर नेटवर्क नाही. फोटो चढेपर्यंत सगळी टोळी उन्हात उभी, आणि एखाद्या दिवशी चढलाच नाही तर तो दिवस गेला. कामावर सावली, पिण्याचं पाणी, लहान लेकरांना सांभाळायला बाई, हे कायद्यात आहे. आमच्याकडे पाणी होतं, सावलीचा मांडव आम्ही वर्गणीतून घातला. लोक काम चुकवतात असं म्हणणाऱ्याने आधी एक आठवडा मजुरीशिवाय त्या उन्हात फावडं मारून दाखवावं.

६०:४० चंही समजून घ्या. खर्चातले किमान ६० टक्के मजुरीवर गेले पाहिजेत, साहित्य आणि कुशल कामाला ४० च्या आत. मुरमाच्या रस्त्यात मुरूम, वाहतूक, पाईप, रोलर यांचाच खर्च जास्त, त्यामुळे एकट्या रस्त्यात हे गणित बसत नाही. विहिरी, फळबाग, वृक्षलागवड अशा मजुरीच्या कामांबरोबर त्याची सांगड घालावी लागते. नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना याचसाठी होती, रोजगार हमीचे पैसे आणि राज्याचा निधी एकत्र करून. ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीचा ग्रामसेवक) आणि रोजगार सेवकाला हे विचारून घ्या, आराखड्यात काम आधीच बसवून घ्या. रोजगार हमीच्या कामावर ठेकेदार चालत नाही आणि मजुरांचा हात रिकामा करणारं यंत्र शक्यतो वापरायचं नाही, हेही कायद्यातच आहे. म्हणून कुठलं काम मस्टरवर आणि कुठलं वर्गणीतून किंवा दुसऱ्या निधीतून यंत्राने, हे सुरुवातीला कागदावर वेगळं करा आणि ग्रामसभेत वाचून दाखवा. मस्टरवर नावं माणसांची आणि रात्री काम यंत्राचं, असा प्रकार तुमच्याकडे कुणी सुचवला तर तिथेच थांबवा. त्यात मजुराचा रोज बुडतो, शिवाय चौकशी आली की पुढची सगळी कामं अडतात आणि रस्ता अर्धवट राहतो.

गुण द्यायचे तर भाड्याच्या जेसीबीला मी ५ पैकी ३.५ देईन: माती काढायला, पाईप उतरवायला, टिप्पर भरायला पूर्ण गुण, नालीला आणि मुरूम पसरायला जवळजवळ शून्य. रोलरला ५. मस्टरवरच्या आमच्या माणसांना ४.५, आणि त्यांच्यापर्यंत पैसा पोचवणाऱ्या व्यवस्थेला २. पुन्हा रस्ता करायचा झाला तर वरची माती यंत्राने, सोलिंग, नाली, मोरीची बैठक आणि मुरमाची वेचणी माणसांनी, दाबाई रोलरने, अशीच वाटणी करेन. आकडेमोड केली तर माणसांच्या वाट्याला कामाचे बरेच दिवस उरतात, आणि ते पाठ मोडणारे नसून कसबाचे असतात.

देखभालीचं कुणी विचारत नाही म्हणून सांगते. दरवर्षी रोहिणी संपता संपता नाल्यांमधला गाळ आणि गवत काढावं लागतं, पहिल्या मोठ्या पावसानंतर एकदा चक्कर मारून तुंबलेली जागा मोकळी करावी लागते. एवढ्या कामाला कमीत कमी तीन तासांच्या भाड्याचा जेसीबी परवडत नाही, आणि त्याच्या चाकांनी ओल्या नालीची कड मोडते. कालव्याकडे आम्ही ज्याच्या त्याच्या वावरापुढचा तुकडा ज्याने त्याने साफ करायचा असं ठरवलं, ते चाललं आहे. नदीकडे तसं ठरलं नाही, तिथे अजून दरवर्षी मला घरोघरी जावं लागतं.

तुम्ही या उन्हाळ्यात काम काढणार असाल तर रोलरची तारीख सगळ्यात आधी पक्की करा. तालुक्यात रोलर मोजके असतात आणि मार्च अखेरीला सगळ्यांना एकदमच हवे असतात. रोलर ठरला की त्याच्या आठवडाभर आधी मुरूम पडेल असे टिप्पर बघा, आणि त्याच्याही आधी जेसीबी. सोलिंग आणि नालीची माणसं होळी झाली की लावा, ऊन चढण्याआधी, सकाळी लवकर सुरू करून अकराला सोडा. मुरूम पडून रोलरची वाट बघत राहिला की त्यावरून ट्रॅक्टर जायला लागतात, चाकोऱ्या पडतात, आणि मग परत पसरायला माणसं लावावी लागतात.